रिकाम्या चतकोरात उतरण्याआधी: सोलापूरहून वाळवंटात कामाला निघालेल्यांसाठी

“ऊन आपल्याला काय नवीन आहे का, मालक?”

आखातात कामाला निघालेली पोरं घरी येऊन बसली, चहा झाला, की हे वाक्य ठरलेलं. त्यांचंही खरं आहे. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४३-४४ वर जातो आणि तशा उन्हात पत्र्याखाली माग चालवणाऱ्या घरांतली ही पोरं असतात. पण मी रब अल-खालीच्या वाळवंटात सर्व्हेच्या टीमबरोबर नऊ वर्षं काढली. तिथं पहिल्याच आठवड्यात आडवी झालेली जी माणसं पाहिली, ती बहुतेक अशाच उन्हाच्या मुलखातली होती: आपल्याकडची, विदर्भातली, तेलंगणातली, राजस्थानातली. थंड गावचा माणूस घाबरून असतो, सावली शोधतो, पाणी मागून घेतो. उन्हाचा सराव असलेला माणूस थांबत नाही, आणि तिथंच घात होतो.

ज्याचं काम शहरात, एसीत आहे त्यानं यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल. ज्याच्या करारात ‘साइट’, ‘फील्ड’, ‘कॅम्प’, ‘पाइपलाइन’ असे शब्द आहेत त्यानं मात्र सगळं वाचावं, आणि घरच्यांनाही वाचून दाखवावं.

पायरी १: आधी आकार डोक्यात बसवा

रब अल-खाली म्हणजे अरबीत ‘रिकामा चौथा हिस्सा’. आपल्या भाषेत सांगायचं तर रिकामा चतकोर. अरबस्तानच्या भाकरीतला दक्षिणेचा असा चतकोर, जिथं कुणी वस्तीच केली नाही. मोजून पाहिलं तर तो पाचवा हिस्सा भरतो, पण नाव चतकोराचंच पडलं. तिथले बदू लोक, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, मात्र या नावानं हाक मारत नाहीत. ते नुसतं ‘वाळू’ म्हणतात.

क्षेत्रफळ साधारण ६,५०,००० चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३. म्हणजे दोन महाराष्ट्र शेजारी शेजारी अंथरले, तरी वर आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढे दोन जिल्हे मावतील. सौदी अरेबिया, ओमान, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन अशा चार देशांत ही वाळू पसरली आहे. सहारा याच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, पण सहाराचा साधारण चौथा भागच वाळूचा, बाकी खडक आणि दगडगोटे. सलग वाळूचा एवढा मोठा पट्टा जगात दुसरा नाही. आपलं थरचं वाळवंट याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि थरमध्ये गावं आहेत, शेती आहे, रेल्वे आहे.

आकडे वाचून अंदाज येत नाही, म्हणून असं करा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री सोलापूर सोडायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, हे अंतर साडेचारशे किलोमीटर. रब अल-खालीची रुंदी याहून थोडी जास्त, पाचशेच्या घरात. लांबी हजार किलोमीटर. आता त्या रात्रीच्या प्रवासातून कुर्डुवाडी काढा, दौंड काढा, पुणे काढा, कल्याण काढा. खिडकीबाहेर एकही दिवा नाही, एकही विहीर नाही, एकही झाड नाही, आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना वाळूचे डोंगर. काही टेकड्या २५० मीटरपर्यंत उंच जातात.

बाहेरच्या माणसानं हे वाळवंट पहिल्यांदा पार केलं ते १९३०-३१ साली. बर्ट्रम टॉमस नावाचा इंग्रज ओमानमधल्या सलालाहून निघून जवळपास दोन महिन्यांनी कतारमधल्या दोह्याला पोहोचला. त्याला पार नेलं ते राशिद टोळीच्या बदूंनी. पाणी कुठं आणि किती खारट, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. तिथं नव्या माणसानं स्वतःचं डोकं चालवायचं नसतं, वाट माहीत असलेल्याच्या मागं जायचं असतं.

आज तिथं तेल आहे, म्हणून माणसं आहेत. सौदीतलं शायबा हे तेलक्षेत्र अमिरातीच्या सरहद्दीपासून जवळ, वाळूच्या डोंगरांच्या मधल्या सपाटीवर वसवलंय. १९९८ मध्ये तिथून तेल निघायला लागलं आणि ते बाहेर आणायला सहाशे किलोमीटरहून लांब पाइपलाइन टाकावी लागली. अशा ठिकाणी आजारी पडलात तर आपल्या सिव्हिल हॉस्पिटलसारखं रिक्षानं जाता येत नाही. कॅम्पचा दवाखाना हाच पहिला, आणि कित्येक तास तोच शेवटचा.

म्हणून सही करण्याआधी एजंटाला चार गोष्टी विचारा. साइट नकाशावर नेमकी कुठं? कॅम्पपासून साइट किती तासांवर? कॅम्पवर डॉक्टर आहे की नुसता नर्स? साइटवर बर्फ आणि सावली कोण पुरवतं? उत्तर देताना जो चाचरतो त्याच्याकडून जाऊ नका. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, तेही तपासा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथं गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

पायरी २: सूर्य तोच आहे, मग फरक कुठं?

हे मला तिथं गेल्यावर तीन वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर मी नकाशा घेऊन रात्रभर बसलो होतो. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. रब अल-खालीची दक्षिणेकडची वाळू याच पट्ट्यात येते. म्हणजे डोक्यावर तळपणारा सूर्य जवळपास तोच.

आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पाऊस कमी, तरी वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या वर पडतो. त्या पावसावर ज्वारी होते, कडुलिंब उभा राहतो, हिप्परग्याच्या तलावात थोडंफार पाणी येतं. तिकडंही अशीच एक डोंगररांग आडवी आहे, ओमानच्या दक्षिणेला, धोफारची. तिच्या समुद्राकडच्या अंगाला सलाला शहर. नैर्ऋत्य मोसमी वारे त्याला चाटून जातात आणि जून ते सप्टेंबर तिथं धुकं, रिमझिम, हिरवळ असते. त्या मोसमाला तिथले लोक काय म्हणतात? ‘खरीफ’. आपल्या पिकाचाच शब्द. आणि डोंगर ओलांडून उत्तरेला उतरलं की काही नाही. वर्षाला ५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, कित्येक भागांत ओळीनं काही वर्षं एक थेंबही नाही. त्यात वरून खाली दबत येणारी कोरडी हवा, जी ढग धरूच देत नाही.

ओलावा नसला की काय होतं? जमीन तापते, ती ताप धरून ठेवत नाही, पण दिवसा पायाखाली विस्तव होतो. उन्हाळ्यात सावलीतला पारा ४७-५० पर्यंत जातो. सावलीतला, हे लक्षात घ्या. भर दुपारी वाळूचा वरचा थर ६५-७० अंशांवर जातो. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात हातातून पेन्सिल पडली म्हणून मी वाकून एका हातानं वाळूवर टेकलो. तव्यावरची भाकरी उलटताना बोट लागतं तसं झालं, फक्त अख्ख्या तळव्याला. तीन दिवस त्या हातानं जेवता आलं नाही.

आपल्याकडं उन्हात काम करणारा माणूस नकळत दर अर्ध्या तासानं सावलीत जातो. पानटपरी, लिंबाचं झाड, एसटी स्टँडचं छप्पर, कुणाच्या तरी ओट्यावरचा माठ. आपण उन्हाळा काढतो तो यांच्या जिवावर. ‘सवय’ म्हणतो ती निम्मी सवय या सावल्यांची असते. तिकडं सावली म्हणजे तुमची गाडी आणि कंपनीनं उभारलेला तंबू.

पायरी ३: सोलापुरातच दोन आठवडे शरीर तयार करा

उष्णतेला शरीर सरावतं, ही खरी गोष्ट आहे. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, आणि त्याच कामाला नाडी कमी धावते. याला ७ ते १४ दिवस लागतात. पण त्यासाठी उन्हात नुसतं बसून उपयोग नाही, हालचाल लागते.

निघण्याच्या तारखेआधी पंधरा दिवस रोज तास-दीड तास चाला. सिद्धेश्वर तलावाभोवती चाला, होटगी रस्त्यानं जा, कुठंही. सुरुवात सकाळी नवाला करा आणि दर दोन दिवसांनी वेळ थोडी पुढं सरकवा. भर दुपारी दीड वाजता एकट्यानं मर्दुमकी करू नका. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट घाला, कारण तिथं तसंच काम करायचंय. बीपी किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, साखर असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ५० अंशांत काम करायला चाललोय. गोळीचा डोस त्यांनीच ठरवायचा.

रात्रीची झोप एसीत काढत असाल तर तेवढे पंधरा दिवस पंख्यावर काढा.

पायरी ४: बॅग, आणि आईचं काळं तिखट

हा भाग नीट वाचा, कारण यात तुरुंग आहे.

आपल्या घरचं काळं तिखट, गोडा मसाला, सणाचे अनारसे, यांत खसखस असते. सौदीत आणि अमिरातीत खसखस अफूच्या झाडाचं बी म्हणून अमली पदार्थांत धरतात. मसाल्यात मिसळलेली, अनारशावर चिकटलेली, कशीही चालत नाही. आईला, मावशीला, सासूबाईंना आधीच सांगून खसखस न घालता वेगळं तिखट कुटून घ्या, आणि ते ज्या पाट्यावर-मिक्सरमध्ये केलं तोही आधी धुऊन घ्या. गुटखा, मावा नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि त्या देशाची परवानगी यांशिवाय नेऊ नका. दुसऱ्यानं ‘एवढं माझ्या भावाला दे’ म्हणून दिलेलं बंद पुडकं तर मुळीच नाही. देणारा सख्खा शेजारी असला तरी उघडून बघा.

नेण्यासारखं मात्र आपल्या गावात भरपूर आहे. कडक भाकरी महिनाभर आरामात टिकते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ती आणखी चांगली राहते. शेंगाचटणी सोबत हवीच. त्यातलं मीठ, तेल, शेंगदाणा हे सगळं घाम गाळणाऱ्याच्या कामाचं आहे.

सोलापुरी टॉवेल तीन घ्या. एक मानेवर ओला टाकायला, एक तोंड-नाक झाकायला, आणि एक पाण्याच्या बाटलीला गुंडाळायला. बाटलीचं सांगतो. सकाळी बर्फ घालून नेलेलं पाणी अकरापर्यंत चहासारखं गरम होतं आणि गरम पाणी माणूस पीत नाही, टाळतो. टॉवेल ओला करून बाटलीभोवती घट्ट गुंडाळायचा आणि गाडीच्या सावलीच्या बाजूला वाऱ्यावर टांगायची. माठाचंच तत्त्व. हवा कोरडी असेल तर अर्ध्या तासात पाणी पिण्याजोगं होतं. माझ्या टीममधल्या सुदानी ड्रायव्हरनं हे पाहून माझ्याकडून दोन टॉवेल मागून घेतले, आणि पुढच्या प्रत्येक सुट्टीत मी त्याच्यासाठी अर्धा डझन नेत राहिलो.

आणि एक चादर. हसू नका. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या रात्री पारा १० पर्यंत उतरतो, पहाटे धुकं पडतं, गाडीच्या काचेवरून पाणी ओघळतं. आपल्याकडं गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे असते तशी थंडी, फक्त वारा अडवायला भिंत नाही.

बाकी: दोन जोड्या डोळ्यांना घट्ट बसणारे गॉगल, व्हॅसलीन (नाकपुडीत आतून बोट फिरवायला, नाही तर तिसऱ्या दिवशी रक्त येतं), ओआरएसची पाकिटं. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्माच न्यावा.

पायरी ५: पहिले चौदा दिवस

इतकी वर्षं पाहून माझं ठाम मत झालंय की वाळवंटातली सगळी परीक्षा याच दिवसांत होते. उष्णतेनं होणाऱ्या कामावरच्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून अधिक माणसं कामाच्या पहिल्या काही दिवसांतली असतात. म्हणून जगभर एक साधा नियम सांगितला जातो: नव्या माणसानं पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण कामाच्या २० टक्केच काम करायचं, आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यायचं. म्हणजे पूर्ण पाळी पाचव्या दिवशी. तुमचा फोरमन हे पाळत नसेल तर तुम्ही स्वतः मागून घ्या. लाज वाटू देऊ नका.

सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम करायला कायद्यानं बंदी आहे. अमिरातीत त्याच तारखांना साडेबारा ते तीन. ओमानमध्ये जून, जुलै, ऑगस्ट, साडेबारा ते साडेतीन. ही विश्रांती तुमचा हक्क आहे. त्या वेळेत कपडे धुणं, फोनवर बोलत उन्हात फिरणं असलं काही नको. आडवे व्हा.

आता मोहोळकडच्या पोराची गोष्ट. तो आमच्या टीमला हेल्पर म्हणून आला, तिसराच दिवस. काम काय, तर प्रिझम लावलेला खांब सांगितलेल्या ठिकाणी सरळ धरून उभं राहायचं. मी तीनशे मीटरवर टोटल स्टेशनमागं, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीच्या यंत्रामागं. दुर्बिणीतून तो मला स्पष्ट दिसत होता. वॉकीटॉकीवर म्हटलं, “डावीकडं दोन पावलं घे.” तो उजवीकडं गेला. पुन्हा म्हटलं, “अरे डावीकडं.” तो आणखी उजवीकडं. मला आधी राग आला. मग तो खाली बसला आणि शांतपणे बूट काढायला लागला. त्या वाळूवर, दुपारी साडेअकराला. मी धावत सुटलो. जवळ गेल्यावर विचारलं, “नाव काय तुझं?” त्यानं गावाचं नाव सांगितलं. “मी कोण?” तर म्हणाला, “अप्पा, एसटी किती वाजता आहे?”

हा उष्माघात. अंगाला घाम होता, हे विशेष सांगतो. ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. कष्टाचं काम करणाऱ्याला घाम चालू असतानाही उष्माघात होतो. ओळखायचं ते बोलण्यावरून: असंबद्ध बोलणं, चिडणं, जीभ जड होणं, साधी सूचना न कळणं, तोल जाणं. साथीदाराला तासातासाला एक प्रश्न विचारा, ज्याला विचार करून उत्तर द्यावं लागेल. ‘बरा आहेस ना?’ याला बेशुद्ध पडत असलेला माणूससुद्धा ‘हो’ म्हणतो.

असं दिसलं की थांबायचं नाही. एकानं मदत बोलवायची: सौदीत रुग्णवाहिका ९९७, अमिरातीत ९९८, ओमानमध्ये ९९९९, आणि त्याआधी कॅम्पचा इमर्जन्सी नंबर. दुसऱ्यानं त्याच वेळी अंग गार करायला घ्यायचं. सावली, जाडे कपडे काढणं, मिळेल तेवढं पाणी अंगावर, जोरात वारा, बर्फ मानेला, काखेत, जांघेत. टबात गार पाण्यात बसवता आलं तर सर्वांत उत्तम. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी देऊन उपयोग नाही, हा तो ताप नव्हे.

त्या दिवशी साइटवर बर्फ नव्हता. फोरमन म्हणत होता, “नया है, नाटक करता है.” आम्ही गाडीतलं पिण्याचं सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, एसी पूर्ण सोडला, दारं उघडी ठेवून ओल्या टॉवेलांनी वारा घातला. कॅम्पपर्यंत पन्नास मिनिटं लागली. पोरगा वाचला. संध्याकाळी त्यानं आईला फोन केला आणि ‘जेवलो’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बर्फाचा डबा भरल्याशिवाय मी गाडीत चढलो नाही. तुम्हीही चढू नका.

पायरी ६: पाण्याचा हिशेब

तहान लागल्यावर पिणं हे उशिरा पिणं आहे. कोरड्या भागात घाम सुटतो तसा उडून जातो. अंग कोरडं वाटतं आणि माणूस म्हणतो, ‘मला घामच येत नाही.’ संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, तेव्हा कळतं काय गेलं ते. जोराच्या कामात तासाला एक लीटरहून जास्त घाम सहज जातो.

दर १५-२० मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लीटर. घड्याळ लावून. पण तासाला दीड लीटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेततं. दिवसातून दोन-तीनदा ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लीटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मापात. जेवण टाळू नका, कारण मीठ मुख्यतः जेवणातूनच मिळतं. लघवीचा रंग बघत जा. लिंबाच्या पन्ह्यासारखा फिका असेल तर ठीक, गडद पिवळा झाला तर मागं पडलात.

ऑगस्ट-सप्टेंबरात आखाताच्या बाजूला समुद्रावरून दमट हवा येते. तेव्हा पारा ४० वर असला तरी ५० पेक्षा वाईट, कारण घाम वाळत नाही आणि अंग गार होत नाही. सोलापूरकरांना ही हवा ओळखीची नाही. त्या दिवसांत काम कमी आणि थांबे जास्त.

आणि जमिनीखालच्या पाण्यावर विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी ते इतकं खारट असतं की पूर्वी ते उंटांना पाजत आणि बदू स्वतः उंटिणीच्या दुधावर राहत.

पायरी ७: वाळूवर चालणं आणि गाडी

वाळूच्या टेकडीला दोन अंगं असतात. वारा ज्या बाजूनं येतो ते अंग लांब, उताराचं, घट्ट. पलीकडचं अंग तुटक, ३२-३४ अंशांचं, भुसभुशीत. वाळूचा ढीग त्याहून उभा राहूच शकत नाही, घसरतो. चढायचं ते घट्ट अंगानं. माथ्यावर थांबून पलीकडं बघितल्याशिवाय गाडी पुढं टाकायची नाही, आणि उतारावर गाडी आडवी करायची नाही, उलटते. नवख्यानं तर गाडी चालवायचीच नाही. पण शेजारी बसूनही हे माहीत असावं.

वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करतात, ३५ ची १५-१८ पर्यंत. टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरायची. चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका, गाडी पोटावर बसते. फावड्यानं चाकापुढची वाळू काढा, फळ्या सरकवा. पहाटे दवानं वाळू घट्ट असते, दुपारी सैल होते. लांबचा पल्ला सकाळी मारायचा तो यासाठीच.

टेकड्यांच्या मधे पांढुरकी सपाट जमीन दिसते, तिला सबखा म्हणतात. मिठाची खपली असते. वरून सिमेंटच्या कोब्यासारखी, खाली चिखल. चाकोरी सोडून तिच्यावर जाऊ नका. ओमानच्या बाजूला उम्म अस-समीम नावाचा अशाच दलदलीचा मोठा पट्टा आहे, आणि बदूसुद्धा त्याला वळसा घालतात.

रात्री रस्त्यावर उंट येतात. उंटाचं धड गाडीच्या काचेच्या उंचीवर असतं, पाय मोडून ते थेट आत येतं. रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळाच.

पायरी ८: वादळ, आणि वाट चुकली तर

उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल नावाचा वारा सुटतो, जून-जुलैत जोरात. क्षितिजावर भिंतीसारखा तांबूस-करडा पडदा दिसला की हातातलं काम ठेवायचं. गाडीत असाल तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला जा, थांबा, दिवे बंद करा आणि ब्रेकवरून पाय काढा. मागचा ड्रायव्हर तुमच्या लाल दिव्याला चालती गाडी समजून मागं येतो. पायी असाल तर ओला टॉवेल नाका-तोंडावर, पाठ वाऱ्याकडं, आणि जागा सोडायची नाही.

वाट चुकली किंवा गाडी बंद पडली तर एकच गोष्ट करायची: गाडीपाशी राहायचं. गाडी हवेतून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीत सावली आहे, पाणी आहे, आरसा आहे, दिवे आहेत. ‘त्या टेकडीपलीकडं रस्ता असेल’ म्हणून चालू पडलेली माणसं नंतर भलत्याच दिशेला सापडतात. त्या टेकडीपलीकडं तशीच टेकडी असते. दिवसा हालचाल बंद, खाली वाळूवर न बसता सीट काढून तिच्यावर बसा. निघण्याआधी कॅम्पवर कुठं जातोय आणि किती वाजता येणार हे लिहून द्या, दोन गाड्या असल्याशिवाय आत जाऊ नका, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा ठेवा. मोबाइलला रेंज असेल हे गृहीत धरू नका.

पाऊस पडत नाही म्हणून पाण्याचं भय नाही असंही नाही. मे २०१८ मध्ये मेकुनू चक्रीवादळ सलालाच्या किनाऱ्यावर आलं आणि रब अल-खालीत टेकड्यांच्या मधे तळी साचली. त्या ओलाव्यावर टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. तिथून सुरू झालेलं ते संकट पसरत पसरत मे २०२० मध्ये आपल्या विदर्भातल्या संत्र्याच्या बागांपर्यंत आलं. वाळवंटाच्या कडेच्या कोरड्या नदीपात्रात, वादीत, मुक्काम करू नका.

पायरी ९: संध्याकाळनंतर

उन्हाळ्याच्या रात्रीही ३० च्या आसपास असतात, तरी दिवसाच्या तुलनेत हलकं वाटतं. बूट घालण्याआधी उलटे करून आपटा, रोज, न चुकता. विंचू असतात. जांभळ्या किरणांची टॉर्च मिळाली तर घ्या, तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. डोळ्यांवर शिंगं असलेला एक विषारी साप अंग वाळूत पुरून नुसते डोळे बाहेर ठेवून बसतो. आपल्या माळरानावरचं फुरसं माहीत असेल तर तशाच सावधपणे पाय टाका, आणि अनवाणी नको.

जेवण झालं की टेकडीवर जाऊन बसा, पण साथीदाराबरोबर. उत्तरेकडं ध्रुव शोधा. तो क्षितिजापासून सोलापुरात जितका वर दिसतो, जवळपास तितकाच तिथंही दिसतो. पहिल्या महिन्यात झोप लागत नसे तेव्हा मला याचा फार आधार वाटायचा. घरी फोन करा आणि नुसतं ‘जेवलो’ म्हणू नका. चक्कर आली असेल तर चक्कर आली म्हणून सांगा. घरच्यांनी ऐकून घाबरू नये. ‘उद्या फोरमनला सांग’ एवढं म्हणावं.

पायरी १०: सुट्टीवरून परत गेल्यावर

हे कुणीच सांगत नाही. शरीराचा सराव टिकाऊ नसतो. आठवडाभर उन्हातून बाहेर राहिलात की तो उतरायला लागतो आणि महिनाभरात बहुतेक गेलेला असतो. तुम्ही दोन महिने सुट्टी काढून, लग्नं-वास्तुशांती उरकून परत जाता, तेव्हा ‘मी जुना माणूस’ म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उचलता. जुन्या माणसालाही पहिल्या दिवशी निम्मंच काम, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. विमानतळावरून कॅम्पकडं जाताना गाडीतच हे फोरमनला सांगून टाका.